पांजूला गाडी थांबत नाही

गोडदेव नाक्यावर सकाळी साडेसातला ज्याला त्याला स्टेशन हवंय. "स्टेशन, स्टेशन, एक सीट!" रिक्षावाला ओरडतोय आणि ती एक सीट भरेपर्यंत आधी बसलेले दोघे मोबाइलमध्ये पुन्हा पुन्हा वेळ बघतायत. बॅग पोटाशी धरलेली, केस अजून ओले, हातात डब्याची पिशवी. दुधाचे क्रेट उतरवणारा पोरगा त्यांच्यामधून वाट काढतो. मागून बस हॉर्न देत वळते, तिच्या पाठोपाठ शाळेच्या व्हॅन. एवढ्यात तिसरा प्रवासी सापडतो, रिक्षा सुटते. तिच्या जागी दुसरी येऊन उभी राहते. आरोळी तीच.

नाक्यावरून आत वळलं की इमारतींच्या सावलीत जुनं गाव अजून सापडतं. बैठी घरं, दारात तुळस, ओट्यावर ऊन घेत बसलेल्या म्हाताऱ्या, आणि दोन घरांच्या मधोमध एखादा सात मजली टॉवर. भाईंदर, नवघर, खारी, गोडदेव ही इथली शेजारशेजारची गावं. भात आणि मीठ यांवर जगणारी. 1985 मध्ये ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका झाली, 2002 मध्ये महानगरपालिका झाली, आणि 2011 च्या जनगणनेत मिरा-भाईंदरची वस्ती आठ लाखांच्या वर गेली. आता पत्त्यात नुसतं 'भाईंदर पूर्व' लिहिलं तरी पार्सल घरी येतं.

दुकानांच्या पाट्यांवर रस्त्याचं नाव आहे 'गोडदेव फाटक रोड'. फाटक मात्र दिसत नाही. टपरीवर कटिंग घेत उभ्या असलेल्या एका आजोबांना मी फाटकाबद्दल विचारतो. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर पंचा. ते हाताने हवेत एक आडवी दांडी टाकून दाखवतात. "परला का परला. मंग गारी येई, गारी जाई, मानूस हाय तिथंच उभा." त्यांच्या बोलण्यात 'ड'चा 'र' होतो, आगरी बोलीत होतो तसा.

"आणि आजोबा, पूर्वी पांजूला गाडी थांबायची म्हणे."

आजोबा ग्लास खाली ठेवतात. मी थट्टा करतोय का, हे माझ्या तोंडाकडे बघून ठरवतात.

"पांजूला गारी? पांजूला होरी जाते."

टपरीवाला हसतो. मीही हसतो, कारण आजोबांचं म्हणणं आजच्या घडीला शंभर टक्के खरं आहे. पांजू म्हणजे भाईंदर आणि नायगाव यांच्यामध्ये वसईच्या खाडीत असलेलं बेट. विरारकडे जाणारी प्रत्येक गाडी या बेटावरून जाते. एकही तिथे थांबत नाही. आणि तरी मुंबईच्या लोकलच्या इतिहासातल्या पहिल्या पानावर ज्या मोजक्या स्टेशनांची नावं आहेत, त्यांत भाईंदर नाही, पांजू आहे.

ते पान 12 एप्रिल 1867 चं. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडची बी.बी.सी.आय., हिने त्या दिवशी विरार ते बॅकबे अशी रोजची गाडी सुरू केली. सकाळी पावणेसातला विरारहून निघायची, संध्याकाळी साडेपाचला बॅकबेहून परत फिरायची. जाताना एक, येताना एक. बस्स. थांबे असे: विरार, नालासोपारा, वसई, पांजू, बोरिवली, गोरेगाव, अंधेरी, सांताक्रूझ, वांद्रे, माहीम, दादर, ग्रँट रोड आणि शेवटी बॅकबे. इंग्रजांच्या कागदांत गोरेगाव 'पहाडी' आहे, वांद्रे 'बांदोरा' आहे, आणि पांजू 'पांजो'. यादीत नायगाव नाही. मिरा रोड नाही, दहिसर नाही, कांदिवली नाही, मालाड नाही. पांजू सोडलं की थेट बोरिवली.

म्हणजे त्या वर्षी गोडदेवातल्या कुणाला मुंबईची गाडी पकडायची झाली असती, तर त्याने एक तर बोरिवलीची वाट धरायची, नाहीतर खाडी ओलांडून पांजूला जायचं. आज पांजूचा माणूस नेमकं उलटं करतो. खाडी ओलांडून तो गाडीपर्यंत येतो. मला तेच बघायचं आहे. मी शेअर रिक्षात तिसरी सीट होतो, पण स्टेशनला उतरत नाही. पुढे जेसल पार्कच्या चौपाटीवर जातो. आधी पूल बघायचा आहे.

जेसल पार्कची चौपाटी म्हणजे खाडीचा काठ. वाळू वगैरे काही नाही. फरसबंदी, कठडा, बाकं, आणि कठड्यापलीकडे तिवरांची झुडपं आणि चिखल. चालायला आलेले लोक चालतायत. एक मंडळ हसण्याचा व्यायाम करतंय. ओहोटी आहे, त्यामुळे चिखल उघडा पडलाय आणि त्यावर निवट्या उड्या मारतायत. गणपतीत भाईंदर पूर्वेची मिरवणूक इथेच येऊन थांबते. पाण्याच्या रेषेवर कुठली तरी चौकट अडकली आहे, पलीकडे नारळाच्या शेंड्या, प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेली फुलं.

डाव्या हाताला पूल. एक गाडी भाईंदर सोडून पुलावर चढते, आणि आवाज बदलतो. जमिनीवरचा खडखडाट जातो, त्या जागी एक पोकळ घोष येतो. समोर पाण्यापलीकडे हिरवी पट्टी दिसते तेच पांजू. उल्हास नदी ठाण्याशी वळून, घोडबंदरच्या डोंगरांच्या कडेने इथपर्यंत येते आणि समुद्राला मिळण्याआधी या बेटाला दोन्ही बाजूंनी धरते. दक्षिणेचा फाटा रुंद, तो भाईंदरकडचा. उत्तरेचा अरुंद, तो नायगावकडचा. म्हणून पूलही एक नाही, दोन आहेत. रेल्वेच्या वहीत त्यांचे क्रमांक 73 आणि 75. मधलं अंतर गाडी बेटावरून कापते. डब्यात बसलेल्याला वाटतं, एकच लांबलचक पूल आहे.

गुजरातेतून मुंबईकडे येणाऱ्या रेल्वेला सगळ्यांत जास्त छळलं ते पाण्याने. कंपनी 1855 ची. पहिला तुकडा अंकलेश्वर ते उत्राण, 10 फेब्रुवारी 1860 ला चालू झाला. मुंबईत ग्रँट रोडपर्यंत रूळ यायला 28 नोव्हेंबर 1864 उजाडला. वाटेत नर्मदा, तापी, आणि मग खाड्यांची माळ. दगडी खांबांना पाया हवा, आणि खाडीत हात घालावा तिथे चिखल. कंपनीचे सल्लागार इंजिनियर कर्नल जे. पी. केनेडी यांनी उपाय काढला तो बिडाच्या पोकळ खांबांचा. खांबाच्या टोकाला स्क्रूसारखं पातं. खांब उभा करायचा आणि वरून फिरवत फिरवत चिखलात घट्ट रुतवत न्यायचा. त्यांच्यावर साठ साठ फुटांचे एकसारखे लोखंडी गाळे. विलायतेहून सुटे भाग जहाजाने आणायचे आणि इथे जोडायचे. कुठल्याही नदीवर तोच गाळा चालायचा. नर्मदेसारख्या नदीने पुढे या बारीक खांबांची चांगलीच परीक्षा घेतली, पण मुंबई आणि गुजरात लोखंडाने जोडले गेले ते या पद्धतीने.

आज वाहतूक जाते ती काँक्रीटच्या पुलांवरून. जुन्या लोखंडी पुलाचं काम केव्हाच संपलं. चौपाटीवर रोज येणाऱ्या एका गृहस्थांना विचारतो, तर ते जुन्या पुलावर बोलायला एकदम तयार होतात. "त्याच्यावरून गाड्या सोडा म्हणत होते. मोटारी. मग म्हणाले, रिक्षा तरी. मग सायकली तरी. शेवटी काही नाही." ते पुन्हा चालायला लागतात. त्यांची फेरी मोडल्याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसतं.

भाईंदर स्टेशनवर उलट्या दिशेला जायचं सुख वेगळंच. चर्चगेटकडच्या फलाटावर माणसांची भिंत आहे. विरारकडच्या फलाटावर मी आणि रात्रपाळी करून परतणारे. गाडी येते. दारात जागा मिळते, खिडकीजवळही मिळाली असती, पण मला दारच हवंय.

गाडी सुटताच वरून आवाज येतो: "पुढील स्टेशन, नायगाव." मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्ही भाषांत. 1936 पासून या पट्ट्यात विजेच्या गाड्या धावतायत, त्याआधी बोरिवलीपर्यंतच तार होती. आता बारा डब्यांच्या, पंधरा डब्यांच्या. इमारती मागे सरतात, तिवरं येतात, आणि एकाएकी दोन्ही बाजूंना नुसतं पाणी. वारा अंगावर येतो. समोरच्या सीटवरच्या काकू उठून दाराशी येतात, मला "जरा सरक रे बाळा" म्हणतात, पिशवीतून निर्माल्याची पुडी काढतात, पुलाच्या बाहेर भिरकावतात आणि हात जोडतात. पुडी पाण्यात पडली की खांबावर, ते बघायला कोणी थांबत नाही. त्या जागेवर जाऊन बसतातही.

पाणी संपतं. बेट. भराव, तिवरं, चिंचेसारखं एक झाड, काही घरांची छपरं, वाळत घातलेले कपडे, रुळांपासून दूर उभी असलेली एक शाळकरी मुलगी. मी डोळे ताणून बघतो. पाटी नाही. फलाटाचा उंचवटा नाही. तिकीटखिडकी, घंटा, बाकडं, काही नाही. ड्रायव्हर वेगही कमी करत नाही. एखाद्या गावात रेल्वे येणं बंद झालं तर लोक म्हणतात, स्टेशन मेलं. पांजूत रेल्वे रोज येते, दिवसभर येते, रात्री उशिरापर्यंत येते. थांबण्याचं तेवढं राहिलं. पुन्हा पाणी, पुन्हा पोकळ घोष, आणि नायगाव.

नायगावहून धक्क्यावर जाईपर्यंत ऊन चढलंय. धक्क्यावर होडीची वाट बघणारी माणसं बसलेली आहेत, आणि त्यांच्या सामानावरून कळतं की हा बाजार नाही, घर आहे. एक गॅसचं सिलिंडर. दोन पोती तांदूळ. शाळेचं दप्तर. टोपलीत कोथिंबीर, मुळा, वांगी. एका तरुणाच्या हातात लॅपटॉपची बॅग, तो रात्रपाळीहून आलाय. एका बाईच्या मांडीवर झोपलेलं पोर आणि हातात दवाखान्याची फाइल.

होडी येते. मशीन लावलेली लाकडी होडी, आत आडव्या फळ्या. सिलिंडर आधी चढतं, मग पोती, मग माणसं. मला बसताना बघून होडीवाला विचारतो, "कोणाकडं?" पांजूला नवा माणूस कुणाकडे तरीच येतो. मी सांगतो, गाव बघायला. "गाव बघायला?" तो फाइलवाल्या मावशींकडे बघतो. मावशी म्हणतात, "येऊ दे. बसा भाऊ तुमी, मधी बसा, काठाला नको."

खाडीतून वर बघितलं की पूल निराळाच दिसतो. गाडीतून तो रस्ता वाटतो. इथून तो छत आहे. खांबांना शिंपले चिकटलेत, भरती कुठपर्यंत येते त्याची काळी रेघ ठळक उमटली आहे. वरून विरार गाडी जाते तेव्हा होडीतलं बोलणं आपोआप थांबतं आणि गाडी गेली की त्याच वाक्यापासून पुढे सुरू होतं.

मी मावशींना विचारतो, होडी नसली तर?

"नसली तर पूल हाय ना." त्या वर बोट करतात. "रुलाच्या बाजूनं चालत. आमची पोरं जातात, बाया जातात. रात्री कुनाचं दुखलंखुपलं तर काय करनार? गाडी आली का अंग चोरून उभं रायचं."

"आणि वरून लोक टाकतात ते?"

होडीत एकदम शांतता होते, आणि मला कळतं की हे विचारायला नको होतं, किंवा याआधीच विचारायला हवं होतं. 2025 च्या सप्टेंबरात, नवरात्राच्या दिवसांत, पांजूचा एक तरुण याच पुलावरून चालत कामाला निघाला होता. धावत्या लोकलमधून कुणीतरी निर्माल्याबरोबर नारळ भिरकावला. तो त्याच्या डोक्याला लागला आणि त्यात तो गेला. वर्तमानपत्रांत बातमी आली, लोकांनी हळहळ केली, 'खाडीत निर्माल्य टाकू नका' अशी विनवणी झाली. काकू ज्या वेगाने उठल्या आणि हात जोडून बसल्या, तो वेग मला आठवतो. त्यांना या बेटावर माणसं चालतात हे माहीतच नाही. त्यांच्या लेखी नायगावच्या अलीकडे स्टेशन नाही, म्हणून माणसंही नाहीत.

"देवाला नारल देतात," लॅपटॉपवाला तरुण म्हणतो, "आन् लागतो आमाला."

होडी पांजूला लागते. ओहोटीचा चिखल टाळून दगडांवरून वर चढायचं. गाव छोटं आहे. घरं आता बहुतेक पक्की, काहींवर दुसरा मजला, रंग नवे. दारात होड्यांची मशिनं दुरुस्त होतायत. एके ठिकाणी जाळं विणणं चाललंय, नायलॉनच्या हिरव्या सुताचं. आगरी-कोळी वस्ती. बांधापलीकडे पूर्वी भात व्हायचा ती खारी जमीन, तिच्यात आता तिवरं आत शिरलीत. बांध फुटला की खारं पाणी येतं, आणि एकदा खारं पाणी आलं की ती जमीन कित्येक वर्षं भाताला नालायक होते. हे सगळं मला एक काका बांधावर उभे राहून समजावतात, आणि बोलता बोलता समोरच्या खाडीवरून हात फिरवतात. "तिकडं ठाणा जिल्हा, हिकडं पालघर." 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला आणि सरकारी हद्द या पाण्यातून गेली. गोडदेव ठाण्यात राहिलं, पांजू पालघरात. 2020 मध्ये पोलिसांनी मात्र मिरा-भाईंदर आणि वसई-विरार मिळून एकच आयुक्तालय केलं. "पोलिसांना खारी मधी येत नाय," काका म्हणतात आणि स्वतःच खूष होतात.

त्यांना मी 1867 ची यादी सांगतो. विरार, नालासोपारा, वसई, पांजू, बोरिवली. काका ती नावं बोटांवर मोजत ऐकतात. भाईंदर येत नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळतो. "भायंदर नाय? भायंदर नव्हता?" ते शेजारच्या ओट्यावरच्या माणसाला हाक मारून सांगतात, "आरं, आपल्याकडं गारी थांबे, भायंदरला नाय!" तो माणूस मान डोलावतो, जणू या गोष्टीबद्दल त्याला कधी शंकाच नव्हती.

त्या पहिल्या गाडीची आणखी एक गंमत मी त्यांना सांगतो. तिचं दुसऱ्या टोकाचं स्टेशन, बॅकबे, तेही आज नाही. मग रूळ पुढे कुलाब्यापर्यंत गेले, कुलाब्याला मोठं टर्मिनस झालं, आणि 31 डिसेंबर 1930 ला तेही बंद झालं. गाड्या चर्चगेटलाच संपायला लागल्या. कुलाब्याच्या त्या जागेवर आता बधवार पार्क आहे, रेल्वेच्या साहेबांची वसाहत, समुद्राकडे तोंड केलेली. एका टोकाच्या बंद स्टेशनाच्या जागी मुंबईतली महागातली महाग जमीन, आणि दुसरीकडे पांजू.

"त्यांचा स्टेशन गेला तरी त्यांना रस्ता रायला," काका म्हणतात. "आमचा गेला तेवा रस्ताच तो होता."

मी यावर बोलू शकत नाही. रेल्वेचा हिशोब मला कळतो. 1867 मध्ये रोज एक गाडी होती आणि तिला घाई नव्हती. कुठल्याही खाडीकाठी थांबून चार माणसं घेणं तिला परवडत होतं. आज गर्दीच्या वेळी एका गाडीमागे काही मिनिटांत दुसरी येते. त्यातली एक जरी इथे मिनिटभर थांबली, तर मागची अडते, तिच्यामागची अडते, आणि गोडदेव नाक्यावर वेळ बघणाऱ्या त्या दोघांची कचेरी बुडते. हजार-दीड हजारांच्या गावासाठी लाखोंना थांबवायचं नाही, या हिशोबात चूक काढता येत नाही. फक्त तो करताना एक ओळ लिहायची राहून जाते. थांबा काढून घेतला तेव्हा त्याच्या जागी काय दिलं? भाईंदरला स्टेशन मिळालं, नायगावला मिळालं, दोन्हीकडे गावांची शहरं झाली. दोन्हींच्या मधे ज्याच्या जमिनीवरून रूळ गेले, त्याच्या वाट्याला आली ती गाडीच्या कडेने अंग चोरून उभी राहण्यापुरती जागा.

दुपार कलायला लागलीये आणि भरती चढतेय. धक्क्यावर परतीच्या होडीसाठी पुन्हा माणसं जमतायत. या वेळी रिकामं सिलिंडर, मासळीची टोपली, क्लासला निघालेल्या दोन मुली. पश्चिमेला खाडीच्या तोंडाकडे रो-रो बोट चाललेली असते म्हणून मुली दाखवतात. फेब्रुवारी 2024 पासून भाईंदर ते वसई मोटारी वाहून नेणारी. महामार्गाने वर्सोव्याच्या पुलाला वळसा घालून जायचं तर चाळीस किलोमीटरच्या आसपास पडतं, पाण्यातून पाव तासात काम होतं. मोटारवाल्यांची छान सोय झाली. तीही पांजूला थांबत नाही.

शिवाय भाईंदर ते नायगाव असा मोटारींचा नवा पूल येणार आहे, रेल्वेच्या शेजारून. एमएमआरडीएच्या कागदांवर तो बरीच वर्षं आहे. मोजणीवाले येऊन गेल्याचं गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पूल बेटाच्या अंगावरून जाणार, तर बेटावर उतरणार का, ही इथली एकमेव चर्चा. ओट्यावरचा माणूस म्हणतो उतरणार. जाळं विणणारा म्हणतो, उतरला तर पाठोपाठ बिल्डर उतरणार, मग गाव रायला का? काका म्हणतात, आधी रेल्वेने काय केलं ते बघा.

फाइलवाल्या मावशी पोराला घरी निजवून परत आल्यात. त्यांना नायगावला औषध आणायला जायचंय, सकाळी डॉक्टरकडे रांग होती म्हणून राहून गेलं. मी त्यांना विचारतो, गाडी थांबावी असं वाटतं का हो मावशी? दिवसातून एक तरी?

"गाडी?" त्या वर पुलाकडे बघतात. चर्चगेटची जलद गाडी चालली आहे, दारं माणसांनी भरलेली. ती जाईपर्यंत त्या थांबतात, मग हिशेबी स्वरात सांगतात, "गाडी नको थांबवू दे. लोकांना कामं असतात. आमाला फक्त बाजूनं चालायला फली द्या. आन् तिला कठरा. डोक्यावर पत्रा घातला तर लय बरा, म्हंजे नारल नाय लागायचा."

होडीवाला मशीन चालू करतो आणि हाक मारतो, "नायगाव, नायगाव, चला बसा!" मावशी औषधाची चिठ्ठी कमरेला खोचून पुढे होतात, आणि मला म्हणतात, "तुमी लिवनार ना? मंग फलीचं आधी लिवा. स्टेशनाचं मागून."